श्काब्रन्या, 18 नोव्हेंबर 1991: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

क्रोएशियाला फिरायला जाणारे मराठी लोक आता बरेच आहेत. झादारचा सूर्यास्त पाहायचा आणि दुसऱ्या दिवशी प्लित्वित्सेचे तलाव गाठायचे, असा कार्यक्रम बहुतेकांचा ठरलेला असतो. परतल्यावर कोणीतरी हमखास विचारतो, "वाटेत एका गावात ओळीने मेणबत्त्या लावल्या होत्या, ते काय होते?" युगोस्लाव्हियाच्या युद्धाबद्दल आपल्याकडे थोडेफार लिहिले गेले ते बहुतेक बोस्नियाबद्दल. क्रोएशियातली खेडी त्यात राहूनच गेली. म्हणून हे पान, त्यांतल्या श्काब्रन्या या खेड्यात 1991 मध्ये झालेल्या हत्याकांडाबद्दल.

श्काब्रन्या नेमके कुठे आहे?

क्रोएशियाच्या दाल्मेशिया भागात, समुद्रकाठच्या झादार शहरापासून साधारण 20 किलोमीटर आत. या सपाट, सुपीक पट्ट्याला राव्नी कोतारी म्हणतात. द्राक्षे, अंजीर, पीच, भाजीपाला असा हा मुलूख. 1991 मध्ये गावात सुमारे 2000 माणसे होती, जवळजवळ सगळी क्रोएट आणि कॅथलिक. गावाच्या मध्यभागी मरियमचे मोठे चर्च आणि आंबार नावाच्या वाडीत संत लूकाचे छोटे चर्च. शेजारी नादिन हे आणखी लहान गाव, तेही क्रोएट.

एका बाजूला झादार, तिथे क्रोएशियन सरकारची सत्ता. दुसऱ्या बाजूला बेन्कोवात्स, तिथे त्या सरकारविरुद्ध उठलेल्या बंडखोर सर्बांची. श्काब्रन्या या दोन्हींच्या मध्ये. जवळच झेमुनिकचा विमानतळ, तेव्हा लष्करी महत्त्वाचा. नकाशावर ही चार नावे शोधून काढलीत की पुढचे बरेचसे समजायला सोपे जाईल.

या नावाचा उच्चार कसा करायचा?

आपण इथे 'श्काब्रन्या' लिहितो ती तडजोड आहे. मूळ उच्चारात 'ब' नंतरचा 'र' हाच स्वर असतो, संस्कृतातल्या ऋ सारखा. 'हर्वात्स्का', म्हणजे क्रोएशियाचे त्यांच्या भाषेतले नाव, त्यातही हाच ऋ आहे. बाकी मराठी माणसाला ही भाषा फार जड जाऊ नये. 'बेन्कोवात्स'च्या शेवटी जो आवाज आहे तो आपल्या 'चाक'मधला च, आणि 'मार्तिच'च्या शेवटी आहे तो 'चहा'मधला च. इंग्रजीतून वाचणारे हा फरक गाळतात. आपल्याला तो लहानपणापासून ऐकायची सवय आहे.

18 नोव्हेंबर 1991 ला काय झाले?

थोडे आधीपासून सांगावे लागेल. त्या शरद ऋतूत राव्नी कोतारीत गोळीबार, तोफांचा मारा सुरूच होता आणि श्काब्रन्यातले बरेच लोक गाव सोडून झादारकडे आणि बेटांवर गेले होते. नोव्हेंबरच्या सुरुवातीला शस्त्रसंधी झाली. लोक परतले. घर, जनावरे, बागा टाकून माणूस किती दिवस बाहेर राहणार? आपण सुरक्षित आहोत असे वाटले म्हणून परतलेली ही माणसे होती.

18 तारखेला सकाळी तोफांचा मारा सुरू झाला आणि मागोमाग युगोस्लाव सेनेचे रणगाडे, चिलखती गाड्या आणि बंडखोर सर्बांसह पायदळ गावात शिरले. गावाच्या रक्षणासाठी क्रोएशियन लढवय्ये होते, पण त्यांची संख्या आणि शस्त्रे समोरच्या फौजेपुढे तोकडी होती. ते मागे हटत गेले. गावकरी, विशेषतः म्हातारी माणसे, बायका, मुले, घरांच्या तळघरांत लपले होते. दाल्मेशियातल्या घरांना तळघर असतेच. तिथे वाइनची पिंपे, बटाटे, तेल ठेवतात.

पुढचे या तळघरांच्या दारात घडले. सैनिक आणि त्यांच्याबरोबरचे अनियमित लोक घरोघर फिरले, आत लपलेल्यांना 'उस्ताशा' म्हणून शिव्या देत बाहेर यायला लावले आणि बाहेर आलेल्यांपैकी अनेकांना तिथेच, घराच्या अंगणात, काही जणांना त्यांच्याच माणसांच्या डोळ्यांदेखत गोळ्या घातल्या. मेलेल्यांत वृद्धांची संख्या मोठी. दुसऱ्या दिवशी, 19 नोव्हेंबरला, फौजा नादिनमध्ये शिरल्या आणि तिथेही मागे राहिलेल्यांना मारले गेले.

जे वाचले ते शेतांतून, अंधारातून चालत क्रोएशियन ताब्यातल्या भागात पोचले. काहींना पकडून नेण्यात आले. काही मोजके, बहुतेक म्हातारे, गावातच राहिले. त्यांच्यापैकीही अनेक जण पुढच्या काही महिन्यांत मारले गेले. ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही. 'श्काब्रन्याचे हत्याकांड' म्हटले की एक दिवस डोळ्यांपुढे येतो, पण तिथे माणसे मरत राहिली ती 1992 च्या मार्चपर्यंत.

'उस्ताशा' म्हणजे काय? शिवी का?

दुसऱ्या महायुद्धात हिटलर-मुसोलिनीच्या छत्राखाली क्रोएशियात जी राजवट होती ती उस्ताशांची. त्यांनी सर्ब, ज्यू आणि रोमा लोकांना प्रचंड संख्येने मारले. यासेनोवात्सच्या छळछावणीत मारलेल्यांच्या नावांची जी यादी तिथल्या स्मारकाने केली आहे, तिच्यातच 83,000 हून अधिक नावे आहेत. म्हणजे 1991 मध्ये सर्ब खेड्यांतल्या म्हाताऱ्यांना उस्ताशा हे पुस्तकातले नाव नव्हते. आई-बापांचे मरण होते. सर्बियाची राजधानी बेलग्रेड, तिथल्या प्रचारयंत्रणेने नेमकी हीच जखम पकडली आणि 'क्रोएट म्हणजे उस्ताशा' हे समीकरण रोज दूरचित्रवाणीवरून ऐकवले. नव्या क्रोएशियन सरकारनेही सर्बांची भीती घालवण्यासाठी फार कष्ट घेतले नाहीत. उलट काही पावले अशी टाकली की ती वाढली.

पण 1991 मध्ये तळघरात लपलेल्या सत्तरीच्या बाईला उस्ताशा म्हणणे याला इतिहासाचा आधार नाही. मारण्याआधी माणसाला माणूस न ठेवण्याची ती रीत आहे.

युद्ध मुळात पेटले कशावरून?

एका उत्तरात बसणारा प्रश्न नाही, तरी सांगाडा सांगतो. युगोस्लाव्हिया सहा प्रजासत्ताकांचा देश. 1990 मध्ये क्रोएशियात बहुपक्षीय निवडणूक झाली आणि फ्रान्यो तुजमान यांचा राष्ट्रवादी पक्ष जिंकला. 1991 च्या जनगणनेनुसार क्रोएशियात सर्ब 12 टक्क्यांच्या आसपास होते. डिसेंबर 1990 च्या नव्या राज्यघटनेत त्यांचे 'घटक राष्ट्र' हे स्थान गेले. त्याआधीच, ऑगस्ट 1990 मध्ये, क्निन शहराच्या परिसरात सर्बांनी रस्त्यांवर झाडांचे ओंडके टाकून वाटा अडवल्या होत्या. तिथल्या सशस्त्र पोलिसांचा म्होरक्या मिलान मार्तिच. लोक त्या पोलिसांना 'मार्तिचचे लोक' म्हणूनच ओळखत.

25 जून 1991 ला क्रोएशियाने स्वातंत्र्य जाहीर केले. युगोस्लाव जनसेना आधी मध्यस्थाच्या थाटात होती, उन्हाळा संपेपर्यंत ती उघडपणे बंडखोर सर्बांच्या बाजूने लढू लागली. बेलग्रेडमध्ये सर्बियाचा अध्यक्ष स्लोबोदान मिलोशेविच. ज्या भागात सर्बांची सत्ता हवी होती तिथली क्रोएट खेडी अडचणीची ठरली, आणि ती एकेक करून रिकामी करण्यात आली. 'वांशिक शुद्धीकरण' हा शब्द जगाच्या तोंडी बसला तो बोस्नियामुळे, पण रीत आधी इथे वापरली गेली: तोफा, मग रणगाडे, मग घरोघर फिरणारी माणसे, मग जाळपोळ.

हल्ला नेमका कोणी केला? सैन्याने की गावगुंडांनी?

दोघांनी मिळून, आणि हेच महत्त्वाचे. युगोस्लाव जनसेनेच्या क्निन विभागाच्या तुकड्या, बेन्कोवात्सचे प्रादेशिक संरक्षण दल, मार्तिचच्या हाताखालचे पोलिस आणि बाहेरून आलेले स्वयंसेवक. तोफा-रणगाडे सैन्याचे, घरांत शिरणारे बरेचसे दुसरे. त्यामुळे नंतर 'सैन्याने काही केले नाही, स्वयंसेवक बेलगाम झाले' असा बचाव ऐकू आला. ज्याच्या रणगाड्यामागून बेलगाम माणसे गावात शिरली, त्याला हात झटकता येत नाहीत.

मारणाऱ्यांत शेजारच्या गावांतले ओळखीचे लोक होते, हे वाचलेल्यांनी साक्षींत सांगितले आहे. ओळखीच्या माणसाने मारले, ही बोच तिथे आजही बोलून दाखवली जाते. बाहेरून आलेल्या सैन्याबद्दल माणूस वेगळ्या सुरात बोलतो.

नक्की किती लोक मेले? प्रत्येक ठिकाणी वेगळा आकडा का दिसतो?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो आणि सर्वांत जास्त गोंधळ याच्यावरच आहे. एखादा आकडा लहान दिसला की 'हे लपवतायत' आणि मोठा दिसला की 'हे फुगवतायत' असा निष्कर्ष लगेच काढला जातो. प्रत्यक्षात प्रत्येक आकडा वेगळ्या प्रश्नाचे उत्तर असतो.

युगोस्लाव्हियातल्या युद्धगुन्ह्यांसाठीच्या हेगच्या न्यायाधिकरणाने मार्तिच खटल्यात विचारलेला प्रश्न असा होता: कोणकोणते निःशस्त्र, गैरसर्ब नागरिक बेकायदा मारले गेले हे संशयातीत सिद्ध झाले? श्काब्रन्यासाठी 18 आणि 19 नोव्हेंबरचे त्याचे उत्तर किमान 38, आणि नादिनसाठी 7. पुढच्या महिन्यांत श्काब्रन्यात मारले गेलेले आणखी 18 जण न्यायालयाने वेगळे मोजले. यातला 'किमान' हा शब्द कधीच गाळू नका. ज्याचा पुरावा न्यायालयासमोर पुरेसा आला नाही तो माणूस या आकड्यात नाही, म्हणजे तो जिवंत आहे असे नव्हे.

क्रोएशियात 18 नोव्हेंबरबद्दल 43 नागरिक आणि 15 लढवय्ये असे आकडे सांगितले जातात. तिथे प्रश्न असतो: त्या दिवशी गावाने एकूण कोण गमावले? त्यात लढताना पडलेलेही येतात. आणि गावाच्या स्मरणात ऐंशीहून अधिक नावे घेतली जातात, कारण तिथे प्रश्न आणखी मोठा आहे: संपूर्ण युद्धात आणि नंतर पेरून ठेवलेल्या सुरुंगांमुळे गावातले कोण गेले?

तीनही आकडे बरोबर असू शकतात. चूक होते ती एका प्रश्नाचा आकडा दुसऱ्या प्रश्नाच्या खाली लिहिल्यावर. मराठीत हा विषय लिहिणाऱ्यांना माझी एवढीच विनंती आहे की आकड्याशेजारी 'कोणते लोक, कोणत्या तारखांमधले' हे चार शब्द लिहा. जागा फार लागत नाही.

मृतदेहांचे काय झाले?

काही मृतदेह हत्येनंतरच्या दिवसांत झादारला सुपूर्द करण्यात आले आणि तिथे त्यांची ओळख पटवून, नोंद करून दफन झाले. उरलेले गावातच पुरले गेले. ऑगस्ट 1995 मध्ये क्रोएशियन सैन्याने हा प्रदेश परत घेतल्यावर त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात शाळेजवळची सामूहिक कबर उकरली गेली. तिच्यात 27 मृतदेह मिळाले. म्हणजे जवळजवळ चार वर्षे काही कुटुंबांना आपले माणूस कुठे आहे हे माहीत नव्हते, आणि ते सापडले ते शाळेशेजारी.

गावात सशस्त्र क्रोएट होते ना? मग ही लढाई झाली, हत्याकांड कसे?

होते, आणि ते कोणी लपवत नाही. पण हा मुद्दा न्यायालयातही मांडला गेला आणि टिकला नाही.

आधी शब्दाची गडबड. मराठीत 'नागरिक' म्हणजे एखाद्या देशाचा नागरिकही आणि युद्धातला असैनिकही. युद्धाच्या कायद्यात दुसरा अर्थ असतो: जो लढाईत भाग घेत नाही तो. गावात शंभर-दोनशे सशस्त्र माणसे असली म्हणून उरलेली वस्ती असैनिक राहत नाही, असे होत नाही. आणि ज्याने शस्त्र टाकले, जो पकडला गेला, जखमी झाला, त्यालाही मारता येत नाही. जिनिव्हा करारांचे समान कलम 3 हेच सांगते, आणि ते देशांतर्गत युद्धालाही लागू होते. युद्ध आंतरराष्ट्रीय की अंतर्गत, या वादाचा तळघरातल्या बाईशी काही संबंध नाही.

लढाई सकाळी झाली. तळघरांच्या दारात जे झाले त्याला लढाई म्हणत नाहीत.

कोणाला शिक्षा झाली का?

झाली, पण जितकी व्हायला हवी होती तितकी नाही.

मिलान मार्तिच तेव्हा क्राइनाच्या (क्रोएशियातल्या बंडखोर सर्बांच्या ताब्यातल्या भागाच्या) सरकारचा गृहमंत्री होता, पुढे त्या स्वयंघोषित प्रजासत्ताकाचा अध्यक्षही झाला. मे 2002 मध्ये तो हेगला शरण आला. 12 जून 2007 ला त्याला 35 वर्षांची शिक्षा झाली आणि 8 ऑक्टोबर 2008 ला अपिलात ती कायम राहिली. सर्बांची वस्ती असलेला प्रदेश तयार करण्यासाठी क्रोएट आणि इतर गैरसर्बांना हाकलून देण्याच्या संयुक्त गुन्हेगारी योजनेत तो सामील होता, असे न्यायालयाने ठरवले. त्या योजनेतल्या गुन्ह्यांच्या यादीत श्काब्रन्या आणि नादिन आहेत. मे 1995 मध्ये झाग्रेब शहरावर केलेल्या रॉकेट हल्ल्यासाठीही तो दोषी ठरला. शिक्षा भोगण्यासाठी त्याला एस्टोनियाला पाठवण्यात आले.

त्याचा राजकीय प्रतिस्पर्धी मिलान बाबिच याने 2004 मध्ये गुन्हा कबूल केला. त्याला 13 वर्षांची शिक्षा झाली. मार्च 2006 मध्ये त्याने हेगच्या कोठडीत आत्महत्या केली. त्यानंतर सहाच दिवसांत, 11 मार्चला, मिलोशेविच त्याच कोठडीत मेला, निकाल लागण्याआधी.

हे झाले वरचे लोक. प्रत्यक्ष बंदूक धरणाऱ्यांवर झादारच्या न्यायालयात खटले चालले, बरेचसे आरोपींच्या अनुपस्थितीत. अनुपस्थितीत सुनावलेली शिक्षा कागदावर राहते. आरोपी सीमेपलीकडे राहतो आणि मृताच्या घरच्यांना ते ठाऊक असते.

हेगमध्ये नक्की किती न्यायालये आहेत? बातम्यांत फार घोटाळा होतो.

इथे दोन लक्षात ठेवा. पहिले, युगोस्लाव्हियासाठीचे आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरण. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने मे 1993 मध्ये स्थापले, 161 व्यक्तींवर आरोपपत्रे ठेवली आणि 2017 च्या शेवटी बंद झाले. हे माणसांवर खटले चालवायचे. दुसरे, आंतरराष्ट्रीय न्यायालय. ते देश विरुद्ध देश असे वाद ऐकते, कोणालाही तुरुंगात पाठवत नाही.

हा वंशसंहार होता का?

कायद्याच्या भाषेत, नाही. क्रोएशियाने सर्बियावर वंशसंहाराचा दावा 1999 मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयात केला आणि सर्बियाने प्रतिदावा. 3 फेब्रुवारी 2015 ला दोन्ही फेटाळले गेले. क्रोएशियाचा दावा 15 विरुद्ध 2 मतांनी, सर्बियाचा एकमताने. पण निकाल वाचला तर दिसते की न्यायालयाने हत्या झाल्याच नाहीत असे म्हटलेले नाही. श्काब्रन्यासह अनेक ठिकाणच्या हत्या सिद्ध झाल्याचे त्याने मान्य केले. एखादा समूह समूह म्हणून नष्ट करण्याचा विशिष्ट हेतू सिद्ध झाला नाही, एवढेच ठरवले. 'वंशसंहार नाही म्हणजे काही झालेच नाही' हा उलटा अर्थ समाजमाध्यमांवर फिरतो. तो खोटा आहे.

या निकालात आपल्याकडच्यांना ओळखीचे एक नाव आहे. बहुमताच्या बाजूने असलेल्यांत न्यायमूर्ती दलवीर भंडारी होते. 2004-05 मध्ये ते मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती होते.

अशी गावे आणखी किती होती?

बरीच. इथे सगळी घेत नाही, पण लोवासबद्दल थांबून सांगायलाच हवे.

लोवास देशाच्या दुसऱ्या टोकाला, पूर्वेला, वुकोवारजवळ. 10 ऑक्टोबर 1991 ला युगोस्लाव सेना आणि निमलष्करी टोळ्या गावात शिरल्या आणि त्याच दिवशी अनेकांना मारले. नंतर क्रोएट गावकऱ्यांना दंडावर पांढरी फीत बांधायला लावली आणि त्यांच्या घरांवर पांढरी चादर लटकवायला सांगितली. 17 ऑक्टोबरला गावातल्या पुरुषांना सहकारी संस्थेच्या आवारात बोलावून बसवले. आपल्या खेड्यांतल्या सोसायटीसारखीच ती जागा, जिथे धान्य आणि खत घ्यायला रोज जायचे. रात्रभर मारहाण झाली. दुसऱ्या दिवशी सुमारे 50 जणांना द्राक्षतोडणीला नेतो म्हणून चालवत गावाबाहेर काढले आणि सुरुंग पेरलेल्या चाऱ्याच्या शेतात एकमेकांचे हात धरून, पाय घासत चालायला लावले. स्फोट झाले, मग गोळीबार. त्या शेतात किमान 20 जण गेले. गावात मारल्या गेलेल्यांची एकूण संख्या सुमारे 70. सामूहिक कबर 1997 मध्ये उकरली गेली.

लोवासचा खटला बेलग्रेडमध्येच चालला, ही महत्त्वाची गोष्ट. 2008 मध्ये 14 आरोपींवर सुरू झाला, 2012 मध्ये सगळे दोषी ठरले, मग अपिलात निकाल रद्द, पुन्हा खटला, आणि दुसरा निकाल आला 2019 मध्ये. इतकी वर्षे साक्षीदारांनी तेच पुन्हा पुन्हा सांगायचे. आपल्याकडे 'तारीख पे तारीख' म्हणून हसतो, तशीच गत.

आणि ब्रुश्का. बेन्कोवात्सजवळचे खेडे. 21 डिसेंबर 1991 ला तिथे 10 नागरिक मारले गेले. त्यांतले नऊ क्रोएट. दहावा सर्ब. तो त्या संध्याकाळी क्रोएट घरी पाहुणा होता.

बोस्नियातही क्रोएट गावे होती ना?

होती, आणि तिथे त्यांना मारणारे एकच नव्हते. प्रियेदोरजवळच्या ब्रिशेवोत जुलै 1992 मध्ये बोस्नियन सर्ब फौजांनी क्रोएटांना मारले. ग्राबोवित्सा आणि उझदोल इथे सप्टेंबर 1993 मध्ये बोस्नियन सरकारी सेनेच्या लोकांनी. या दोन गावांसाठी जनरल सेफेर हलिलोविच यांच्यावर हेगमध्ये खटला झाला. हत्या झाल्या हे न्यायालयाने मानले, पण आरोपीची जबाबदारी सिद्ध झाली नाही म्हणून 2005 मध्ये तो निर्दोष सुटला.

16 एप्रिल 1993 ही तारीख मात्र ज्यांना बाजू घ्यायची घाई असते त्यांनी लक्षात ठेवावी. त्या एकाच दिवशी मध्य बोस्नियातल्या अहमिची गावात क्रोएट फौजांनी शंभराहून अधिक मुस्लिम गावकऱ्यांना मारले आणि कोन्यित्सजवळच्या त्रुसिना गावात बोस्नियन सेनेच्या तुकडीने क्रोएट गावकऱ्यांना.

क्रोएटांनी सर्बांना मारले, ते का नाही सांगत?

सांगतो की. डिसेंबर 1991 मध्ये, म्हणजे श्काब्रन्यानंतर महिन्याभराच्या आत, ओसियेकजवळच्या पाउलिन द्वोर गावात क्रोएशियन सैनिकांनी एका घरात जमवलेल्या गावकऱ्यांना मारले, बहुतेक सगळे सर्ब. गोस्पिचमध्ये 1991 च्या ऑक्टोबरात सर्ब नागरिकांना घरांतून उचलून नेऊन मारण्यात आले. ऑगस्ट 1995 च्या 'वादळ' मोहिमेत क्रोएशियाने क्राइना परत घेतली तेव्हा दीड लाखाहून अधिक सर्ब घरदार सोडून निघून गेले. मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांपैकी अनेकांना ग्रुबोरी, वारिवोदे अशा गावांत मारले गेले. ती मोहीम संपून काही आठवडे झाले होते.

म्हणजे 1991 मध्ये न पळालेला म्हातारा क्रोएट आणि 1995 मध्ये न पळालेला म्हातारा सर्ब, दोघांचेही मरण एकाच प्रकारचे, आणि गावांमधले अंतर थोड्याच तासांच्या प्रवासाचे. श्काब्रन्याबद्दल बोलणाऱ्याला दर वेळी 'मग वारिवोदेचे काय' असे विचारणे मात्र न्यायबुद्धी नव्हे. प्रश्न विचारणाऱ्याला बहुतेक वेळा वारिवोदेचीही फिकीर नसते.

नेत्यांनी थोडेफार केले आहे. नोव्हेंबर 2010 मध्ये सर्बियाचे अध्यक्ष बोरिस तादिच आणि क्रोएशियाचे अध्यक्ष इव्हो योसिपोविच एकाच दिवशी वुकोवारजवळच्या ओवचाराला (तिथल्या हत्याकांडाबद्दल पुढे येईल) आणि पाउलिन द्वोरला गेले. 2020 मध्ये क्रोएशियाचे अध्यक्ष झोरान मिलानोविच ग्रुबोरीला गेले. अशा भेटींची संख्या बोटांवर मोजावी लागते.

संयुक्त राष्ट्रांची शांतिसेना कुठे होती? तिचा प्रमुख भारतीय होता म्हणतात.

हो, पण नंतर. सुरक्षा परिषदेने शांतिसेनेचा ठराव केला फेब्रुवारी 1992 मध्ये. तिचे पहिले सेनापती लेफ्टनंट जनरल सतीश नंबियार मार्च 1992 मध्ये रुजू झाले आणि वर्षभर त्या पदावर होते. भारतीय सैन्यात ते मराठा लाइट इन्फंट्रीचे अधिकारी, तेव्हा बेळगावच्या रेजिमेंटल सेंटरशी ज्यांच्या घराण्यांचे नाते आहे त्यांना हे नाव नवे नसावे. श्काब्रन्याच्या हत्या ते येण्याआधीच्या आहेत, त्यामुळे 'भारतीय सेनापती असताना हे झाले' असे कुठे वाचलेत तर तारीख तपासा.

18 नोव्हेंबरला क्रोएशियात सुट्टी का असते?

योगायोग असा की श्काब्रन्या पडले त्याच दिवशी, देशाच्या दुसऱ्या टोकाला, 87 दिवसांच्या वेढ्यानंतर वुकोवार शहरही पडले. त्यानंतर दोनच दिवसांनी वुकोवारच्या रुग्णालयातून नेलेल्या सुमारे 200 लोकांना ओवचाराच्या शेतात मारले गेले. वुकोवारचे नाव जगभर गेले. शहर मोठे, वेढा लांब, कॅमेरे हजर. श्काब्रन्याचे नाव बरीच वर्षे झादारच्या परिसरापुरतेच मोठे राहिले. 2020 पासून 18 नोव्हेंबर ही राष्ट्रीय सुट्टी आहे आणि तिच्या अधिकृत नावात वुकोवार आणि श्काब्रन्या दोन्ही आहेत. सुट्टीच्या नावात खेड्याला जागा मिळायला 29 वर्षे लागली. त्या संध्याकाळी लोक घरांच्या खिडक्यांत आणि रस्त्याच्या कडेला मेणबत्त्या लावतात. तुम्हाला वाटेत दिसल्या त्या याच असणार.

गावात आज लोक राहतात का?

राहतात. 1995 नंतर परतलेल्यांना बहुतेक घरे उद्ध्वस्त मिळाली आणि शेतांत सुरुंग. घरे पुन्हा बांधली, चर्च पुन्हा उभे केले, बागा पुन्हा लावल्या. सगळे परतले नाहीत. झादारला किंवा परदेशात ज्यांची मुले शाळेत रमली त्यांचा पाय निघाला नाही, आणि ते समजण्यासारखे आहे.

आम्ही झादारला जातोय. तिथे जावे का?

जा, पण 'स्पॉट' म्हणून नको. झादारचा प्रवासी विमानतळ झेमुनिकलाच आहे, तिथून गाव गाडीने अगदी जवळ. स्मारक आणि दफनभूमी पाहता येते. दफनभूमीत सेल्फी काढू नका, आणि भेटेल त्याला "तुमच्या घरचे कोणी गेले का?" असे विचारू नका. उत्तर बहुधा हो असेल. मेणबत्ती लावायची असेल तर काचेच्या किंवा प्लास्टिकच्या भांड्यातली, झाकणाची मेणबत्ती घ्या. तिकडे तिला 'लुमिन' म्हणतात आणि दफनभूमींजवळच्या दुकानांत ती सहज मिळते. 18 नोव्हेंबरला जाणार असाल तर सकाळी लवकर पोचा आणि लागणारे सामान आदल्या दिवशीच घेऊन ठेवा. सुट्टीमुळे बहुतेक दुकाने बंद असतात.